एक ‘टक’

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर तीन सूचना कायमच्या आहेत. पाणी जपून वापरा. लहान मुलांना लिफ्टमध्ये एकटं सोडू नका. आणि ‘पार्किंगमध्ये वाहन दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.’ पहिल्या दोन सगळ्यांसाठी आहेत, तिसरी एकट्या माझ्यासाठी. चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं, गाड्या शंभरावर. पण रविवारी सकाळी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला माणूस एकच. सेक्रेटरी भेटले की माझं नाव घेत नाहीत. “सूचना वाचलीत ना?” एवढंच विचारतात. मीही “वाचली, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे” म्हणून पुढे होतो. वार्षिक सभेत एकदा मी बचाव केला, की मी करतो ती दुरुस्ती नव्हे, देखभाल. तेव्हा मागच्या खुर्चीवरून आवाज आला, “दुरुस्ती नव्हे हे पटलं. त्यानंतर गाडी दुरुस्त झालेली कोणी पाहिलेली नाही.” ठराव एकमताने मंजूर झाला.

गाडी 1999 सालची, डिझेलची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे काही येणार आहे त्यातलं निम्मं गाडीच्या वयाचं आहे आणि निम्मं माझ्या हाताचं. कंपनीच्या वाट्याला काही येत नाही. ती घेतली तेव्हा डिझेल पेट्रोलच्या जवळपास निम्म्या भावात मिळायचं, आणि आमच्यासारख्यांना स्वस्तात मिळालेल्या वस्तूत नेहमीच काहीतरी सात्त्विक दिसतं. त्याआधी डिझेलची गाडी म्हटलं की लोकांपुढे डिझेलवरची ॲम्बेसेडर उभी राहायची: दीड लिटरचं इंजिन, ताकद चाळीस घोड्यांच्या आतली आणि आवाज अख्ख्या पागेचा. टॅक्सीवाले ती घ्यायचे, डॉक्टर-वकील तिच्या वाटेला जात नसत. मी बँकेतला. म्हणजे मधला.

2014 च्या ऑक्टोबरात सरकारनं डिझेलच्या भावावरचं नियंत्रण काढलं, आणि त्याच वर्षी गाडीची पंधरा वर्षं भरली. स्वस्ताई आणि तारुण्य दोन्ही एकदमच संपलं. शहाण्यांनी तेव्हा आपापल्या डिझेल गाड्या विकल्या. मी पान्यांचा संच विकत घेतला.

जुन्या डिझेल इंजिनाचं एक बरं असतं, त्याला ठिणगी लागत नाही. हवा आत ओढायची, ती मूळ जागेच्या विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यात दाबून बसवायची. नुसत्या दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग वरून डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपला आपण पेटतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे त्याला डिझेल इंजिन निम्मं कळलं. त्यामुळे गाडी चालू होत नसेल तर प्रश्न तीनच. डिझेल पोचतंय का? हवा नीट दाबली जातेय का? आणि थंडी असेल तर हीटर प्लग तापतायत का? मधे कॉम्प्युटर नाही, पासवर्ड नाही. तीन प्रश्नांत ज्याचं दुखणं कळतं असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. नातेवाईक तर नाहीतच.

ज्याच्या नावानं हे इंजिन चालतं त्या रुडॉल्फ डिझेलचा मला फार आधार वाटतो. 1892 साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी जर्मनीत आउग्सबुर्गला पहिला प्रयोग झाला, तेव्हा पहिल्याच धडाक्यात दाब मोजायचं यंत्र फुटून उडालं. इंजिन धड चालायला 1897 उजाडलं. हे मी हिला वेळोवेळी ऐकवतो. “त्याला चार वर्षं लागली, मला एक रविवार द्यायला काय हरकत आहे?” हिचं म्हणणं असं, की त्यानं निदान लग्नाला निघायच्या दिवशी इंजिन उघडलं नसेल.

पण माझं डिझेलशी नातं आउग्सबुर्गचं नाही, कोरेगाव तालुक्यातलं आहे. आमच्याकडे ‘इंजिन’ म्हटलं की रेल्वे डोळ्यांपुढे येत नसे, विहिरीवरचं ऑइल इंजिन यायचं. जवळच सातारा रोडला कूपरचा कारखाना. कुणाकडे त्यांचं, कुणाकडे किर्लोस्करांचं. आमच्या विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं होतं आणि ते चालू करणं हा तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, मान होता. आधी वरची पट्टी उचलून दाब मोकळा करायचा, मग हँडल घालून जड चाक फिरवायचं, चाकानं वेग घेतला की पट्टी खाली सोडायची. इंजिन एकदा खोकायचं, दुसऱ्यांदा खोकायचं आणि मग ठेका धरायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वळवून मूठ आवळायची नाही. इंजिन उलटं फिरलं तर आवळलेल्या मुठीचा हात मोडतो. तालुक्यात अशा मोडलेल्या हातांची माणसं होती आणि ती पोरांना उदाहरण म्हणून दाखवली जायची.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते तात्यांच्या कानाचं. विहीर घरापासून अर्धा मैल. रात्री जेवायला बसले की इंजिनाचा ठेका लांबून येत राहायचा, आम्हाला तो ऐकूही यायचा नाही. आणि मधेच घास तसाच हातात धरून तात्या म्हणायचे, “पाणी तुटलं.” पंपानं पाणी सोडलं की इंजिनावरचा भार हलका होतो आणि ठेका जरासा मोकळा, जरासा उथळ होतो. तेवढ्यावरून त्यांना कळायचं. कंदील घेऊन ते निघायचे, आणि थोड्या वेळानं काकू म्हणायची, “लागलं पाणी.” म्हणजे काकूलाही ऐकू येत होतं. ती कधी बोलायची नाही एवढंच.

तो कान माझ्याकडे आला नाही. मी बँकेत लागलो. बँकेत डोळे लागतात. कान उघडे ठेवले तर नोकरी करता येत नाही.

तर तो लग्नाला निघायचा रविवार. डिझेलचा फिल्टर बदलायचा होता. काम सोपं. जुना फिल्टर फिरवून काढायचा, नवा बसवायचा. पावसाळा असेल तर फिल्टरच्या तळचा स्क्रू ढिला करून साठलेलं पाणीही काढायचं, कारण डिझेलबरोबर पाणी येतंच, आणि पंपाला पाण्यासारखा शत्रू नाही. मात्र फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेलला हवा सोसत नाही. द्रव दाबला तर दाब पुढे जातो. हवेचा बुडबुडा मधे आला की तो स्वतःच दबून बसतो, आणि नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. गॅरेजच्या भाषेत, गाडीनं ‘हवा धरली’. मग हवा काढायची. फिल्टरच्या डोक्यावर हातपंप असतो. शेजारचा बारीक स्क्रू ढिला करायचा आणि अंगठ्यानं पंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांमधलं अंतर वाढतं, आणि शेवटी डिझेलची सलग धार लागते. ती लागली की स्क्रू आवळायचा. हे काम मला मनापासून आवडतं. निवृत्तीनंतर इतकी स्पष्ट प्रगती दुसऱ्या कशातच दिसत नाही.

धार लागली. चावी मारली. इंजिन नुसतं घरघरत फिरलं, पेट घेईना.

तरीही मी शांत होतो. पुस्तकी रीत अशी, की मग नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट सतराच्या पान्यानं अर्धा आटा ढिले करायचे आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगायचं. नटातून डिझेल उडायला लागलं की हवा गेली, मग आवळायचं. (हे नव्या कॉमनरेल गाडीवर चुकूनही करू नका. तिच्या पाइपात हजार-दीड हजार बारचा दाब असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जुन्या गाडीतही हात लांबच ठेवावा.) स्टार्टर मारायला ‘कुणीतरी’ म्हणजे ही. ती लग्नाची साडी नेसून बसली होती.

“मार!” मी बॉनेटखालून ओरडलो. घरघर. “बास!” नटाशी टिपूस नाही. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नसतो, तो तापतो. मधे मिनिटभर उसंत द्यायची. “मार!” घरघर. “बास!” तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, “अहो, मुहूर्त किती वाजताचा आहे?” मी म्हटलं, “हवा आहे अजून.” पुन्हा स्क्रू, पुन्हा अंगठा, पुन्हा सलग धार. पुन्हा कोरडे नट. एव्हाना प्रेक्षक जमले होते. वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलं आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ. त्यांच्या गाडीचं काही बिघडलं की त्यांच्या फोनवर निरोप येतो म्हणे. माझ्या गाडीकडून निरोप आलेला नव्हता.

तास गेला. घरघरीचा सूर खाली खाली यायला लागला, म्हणजे बॅटरी उतरत होती. मी आमच्या मिस्त्रींना फोन लावला. तेही लग्नातच होते. मागे सनई होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “साहेब, चावी ऑन केली की टक वाजतंय का?”

“टक म्हणजे?”

“टक म्हणजे टक, साहेब.”

सात माणसं बघत होती. मी म्हटलं, “हो, वाजतंय.” मी ऐकलं नव्हतं. ऐकायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पण मघापासून मी सगळ्यांना द्रवाचे आणि वायूचे गुणधर्म समजावून सांगत होतो. आता ‘थांबा, जरा ऐकून सांगतो’ म्हणायला जीभ वळेना. हवा लाइनमध्ये होती की डोक्यात, हा प्रश्न तेव्हा मला कुणी विचारला नाही. लग्नाला आम्ही रिक्षानं गेलो. अक्षता संपल्या होत्या, जिलबी उरली होती.

सोमवारी मिस्त्रींनी बारक्याला पाठवलं. वय एकोणीस-वीस, कानात इअरफोन. त्यानं इअरफोन काढला, खिडकीतून हात घालून चावी अर्धी फिरवली, परत फिरवली, पुन्हा अर्धी. मान जराशी कलती. अगदी तात्यांसारखी. “काका, टक नाय येत,” तो म्हणाला. मग इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घालून, न बघता, चाचपून काहीतरी धरलं आणि दाबलं. पुन्हा चावी. आणि कुठूनतरी खालून, कुणी नखानं पत्र्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. टक.

इंजिन दुसऱ्या फेरीला पेटलं. पांढरा धूर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला. त्याचं पत्र नंतर आलं.

झालं होतं ते असं. डिझेल पंपाच्या डोक्यावर एक छोटा विजेचा झडपखटका असतो, त्याला गॅरेजमध्ये सोलेनॉइड म्हणतात. चावी ऑन केली की त्याला करंट मिळतो, झडप उघडते आणि डिझेलला पुढची वाट मिळते. चावी बंद केली की स्प्रिंग झडप मिटते आणि इंजिन थांबतं. जुन्या डिझेलला बंद करायची दुसरी सोयच नाही, कारण तोडायला ठिणगी नाही. उपाशी ठेवणं हाच मार्ग. त्या खटक्याला एकच वायर असते. फिल्टर काढताना ती माझ्या कोपरानं निघाली होती. त्यामुळे मी कितीही हवा काढली, कितीही सलग धार आणली, तरी ती धार एका बंद दाराशी जाऊन उभी राहत होती. काखेत कळसा म्हणतात, पण इथे तो कोपरात होता.

बारक्याला किती द्यायचे विचारलं. तो म्हणाला, “वायर लावायचे काय घेणार?” मी शंभर रुपये दिले. त्यानं घेतले, आणि जाताना हळूच म्हणाला, “मिस्त्रींनी कालच सांगितलं होतं मला. म्हणाले, साहेबांनी टक ऐकलेलं नाही, नुसतं हो म्हणालेत.” सनईतून त्यांना तेवढं ऐकू गेलं होतं.

त्यानंतर मी गॅरेजात जाऊन बसायला लागलो. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याच्या कामात बसून राहायची सवय असतेच. आधी भाषा शिकलो. पान्यांच्या संचातल्या ज्याला दुकानदार सॉकेट म्हणतो ती इथे गोटी. वॉशर म्हणजे वायसर. गाडी ‘उचलत नाही’, नोझल ‘ठोकतंय’, आटे ‘गेले’. आटे जाणं ही या व्यवसायातली सगळ्यात केविलवाणी घटना. बोल्ट आवळला जातोय, जातोय, आणि अचानक हाताला काहीच लागत नाही. मग मिस्त्री काही बोलत नाहीत, नुसते तुमच्या मनगटाकडे बघतात. शिकाऊ माणसाचा पहिला दोष म्हणजे ढिलं ठेवणं. दुसरा, जास्त मोठा, म्हणजे भीतीपोटी जास्त आवळणं. मी दुसऱ्या जातीचा. सुटे भाग आणायला नाना पेठ आणि कुठेच न मिळणारे भाग शोधायला बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार, हेही तिथेच शिकलो. जुन्या बाजारात भाव करताना आपल्याला वस्तू ओळखता येते हे दाखवायचं नसतं. मला ते सहज जमतं.

आणि हळूहळू ऐकायला शिकलो, नाकानंही. डिझेल गाडी धुरातून बोलते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून बघा, निम्म्या वेळा तिथेच धूळ बसलेली असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, खर्चाची तयारी ठेवा. पांढरा धूर सकाळी पहिल्या मिनिटापुरता असेल तर चालतो; तो राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर कुठूनतरी पाणी आत शिरतंय. पीयूसीवाला नळी आत सरकवून ॲक्सिलरेटर दाबतो आणि त्याचं यंत्र एक आकडा दाखवतं. आमचे मिस्त्री तोच धूर बघून नुसते “हं” म्हणतात. दोघांचं सहसा जमतं.

ऑइलचं एक सांगायला हवं, कारण यावरून पुण्यात बरीच भांडणं झाली असतील. मी पहिल्यांदा स्वतः ऑइल बदललं. 15 डब्ल्यू 40, मधासारखं सोनेरी. गाडी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत नेऊन आणली आणि काडी ओढून बघितली तर काळं कुळकुळीत. मला वाटलं दुकानदारानं फसवलं. डबा घेऊन भांडायला निघालो होतो. मिस्त्रींनी थांबवलं. डिझेल इंजिनात काजळी धरतेच, आणि ती उचलून स्वतःत धरून ठेवणं हेच चांगल्या ऑइलचं काम. काळं झालं नाही तर काळजी करायची. ही गोष्ट मी घरी ऑइल लागलेल्या माझ्या शर्टांच्या संदर्भात सांगून पाहिली. चालली नाही.

पण सगळंच शिकून येतं असंही नाही. हीटर प्लगची गोष्ट मी फारशी सांगत नाही. डिसेंबरात गाडी सकाळी कुरकुरायला लागली. चार प्लग, चारही एका पट्टीनं जोडलेले. पट्टी काढून टेस्टरच्या बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगला लावायचं. बल्ब लागला तर प्लग जिवंत. तिसरा मेलेला निघाला. निदान बरोबर, आणि माझं. ते डोक्यात चढलं. प्लग वर्षानुवर्षं त्याच जागी बसलेला, काजळीनं धरलेला. इंजिन आधी गरम करायला हवं होतं, पान्याला हलकी हलकी पुढेमागे लय द्यायला हवी होती. मी गार इंजिनावर सरळ जोर लावला. प्लग ‘सुटला’ म्हणून मला आनंद झाला. हातात आला तो अर्धाच. उरलेला अर्धा हेडमध्ये. तीनशे रुपयांच्या प्लगसाठी हेड उतरवावं लागलं. गॅसकेट, लेथवाल्याकडची फेरी, मजुरी धरून अकरा हजार. मिस्त्री एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त काम झाल्यावर तुटलेलं टोक त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात ठेवलं. अस्थी द्याव्यात तसं. ते अजून देवघराच्या खालच्या खणात आहे, हिला माहीत नाही.

पंपाला मात्र मी कधी हात लावला नाही. डिझेल पंपाच्या आत जो दट्ट्या फिरतो त्याच्या आणि त्याच्या नळीच्या मधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस पन्नास-साठ मायक्रॉनचा, म्हणजे त्या फटीपुढे तो तुळई. तिथे वंगण म्हणून वेगळं ऑइल नाही, डिझेलच. एवढ्या बारकाईच्या वस्तूला आवळायची सवय असलेल्या माणसानं लांबूनच नमस्कार करावा. तो बिघडला की पंपवाल्याकडे न्यायचा, आणि न्यायच्या आधी आपण त्यातलं काही उघडलेलं नाही हे शपथेवर सांगायचं. पंपवाले शपथेवर विश्वास ठेवत नाहीत. ते स्क्रूचं डोकं बघतात.

लोक विचारतात, हे सगळं परवडतं का? मी हिशेबाचा माणूस; वही आहे. एका बाजूला स्वतः केल्यामुळे वाचलेली मजुरी, दुसऱ्या बाजूला स्वतः केल्यामुळे लागलेली मजुरी. बेरीज मी दर मार्चअखेर करतो आणि वही मिटतो. 2019 साली आरसीचं नूतनीकरण करायला फी सहाशे रुपये लागली. 2022 च्या एप्रिलपासून ती पाच हजार झाली, त्यामुळे 2024 ला पाच हजार भरले, ग्रीन टॅक्स वेगळा. दिल्लीत 2015 साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. माझा भाचा तिकडे असतो, तो माझ्या गाडीबद्दल बोलताना आवाज खाली आणतो. त्याचं अगदीच चुकतं असं नाही. जुन्या डिझेलचा धूर हा काही सुगंध नव्हे, आणि मी तिला रोज भाजीला नेतो असंही नाही. महिन्याकाठी दोनदा गावाकडे, एवढंच तिचं फिरणं उरलंय. नवी आरसी 2029 पर्यंतची आहे.

परवा पहाटे असेच कोरेगावला निघालो. तात्यांच्या पाठीमागे आता विहिरीवर विजेची मोटर आहे. ती चालू आहे की नाही हे घरातून कुणालाच ऐकू येत नाही. फोनवर कळतं म्हणे. थंडी बरी होती. चावी अर्धी फिरवली, हीटरचा पिवळा दिवा लागला, मी मान कलती केली. गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या कानाला जरा कमी येतं. डॉक्टर म्हणाले, वय. मिस्त्री म्हणाले, इतकी वर्षं बॉनेटखाली डोकं, दुसरं काय होणार? मी वाट बघत राहिलो. दिवा विझला. काही ऐकू आलं नव्हतं.

शेजारच्या सीटवर ही डबा मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडताच म्हणाली, “झालंय टक. मारा.”